परभणीच्या वहीतली सातवी बेपत्ता

परभणीला मी गेले ती सात हरवलेली माणसं शोधायला. "उन्हाळ्यात लोक महाबळेश्वरला जातात," आमचे हे म्हणाले, "आणि तू परभणीला?" मी म्हटलं, महाबळेश्वरला माझं कुणी हरवलेलं नाही.

मी आकडेमोडीची बाई. पुण्यात एका संशोधनाच्या कचेरीत खुर्चीवर बसून दुसऱ्यांच्या खोकल्याची बेरीज करते. त्या वर्षी आमच्या साहेबांच्या डोक्यात एक कल्पना आली होती आणि ती निस्तरायला मी होते. क्षयाचं औषध महिनोन्महिने घ्यावं लागतं. दोन महिन्यांत खोकला थांबतो, माणसाला वाटतं झालं बरं, आणि गोळ्या बंद. मग रोग दुप्पट जोरानं परत येतो. अशा चुकार रोग्याला परत आणायला काय चांगलं, पत्र पाठवणं की घरी माणूस पाठवणं? एवढंच विचारायचं होतं. त्यासाठी नवी माणसं गोळा करण्यापेक्षा दवाखान्यांत रोग्यांच्या नोंदवह्या आयत्या आहेत, त्यांच्यातच प्रयोग बसवू, असं साहेबांनी ठरवलं.

पद्धत साधी. वहीत नवं नाव चढलं की एक बंद लिफाफा रोग्यासमोर फोडायचा. आतल्या चिठ्ठीवर 'पत्र' किंवा 'भेट'. ज्याला 'पत्र' निघालं त्याचं औषध चुकलं तर दर महिन्याला पोस्टकार्ड, ज्याला 'भेट' त्याच्या घरी दवाखान्याचा माणूस. चिठ्ठ्यांचा क्रम मी पुण्यात आकड्यांच्या कोष्टकावरून लावलेला, तो कुणालाच माहीत नाही. एकदा का मर्जी आली की दवाखान्यातला माणूस गुणी रोगी एकीकडे टाकणार आणि हट्टी रोगी दुसरीकडे, मग गुण पत्राचा की माणसाचा हे ब्रह्मदेवाला तरी कळेल का?

तर परभणी जिल्ह्याच्या वहीत सात जण 'बेपत्ता' असा शेरा होता. साहेब म्हणाले, "सातही सापडले पाहिजेत. प्रत्येकाच्या घरच्या माणसाचा अंगठा फॉर्मवर आण. एक जरी अधांतरी राहिलं, तर परभणीची वही प्रयोगातून काढून टाकायची." मला दिले दिवस पाच.

परभणी

स्टँडजवळच्या लॉजवर पहिलाच खटका उडाला. माझ्या कचेरीच्या पत्रावर नाव अनुराधा. आणि माझी पत्र्याची पेटी माहेरची, तिच्यावर वडिलांनी पांढऱ्या रंगानं ठसठशीत लिहिलेलं, 'यमुना'. मॅनेजरनं चष्म्यातून आधी पत्र पाहिलं, मग पेटी.

"ह्या यमुनाबाई कोन?"

"मीच."

"आन् अनुराधाबाई?"

"त्याही मीच!" मी जरा चढ्या आवाजात म्हटलं. प्रवासानं माझं डोकं फिरलेलं होतं.

त्यानं मान डोलावली, वहीत काहीतरी खरडलं आणि किल्ली दिली. सकाळी पोऱ्या चहाचे दोन कप घेऊन दारात. मी म्हटलं, एकच सांगितला होता. तो म्हणाला, वहीत दोन बाया हायेत. खाली जाऊन मी मॅनेजरला फैलावर घेतलं. वही ठेवता की थट्टा करता, एका माणसाची दोन माणसं होतातच कशी, असं बरंच काही बोलले. तो हात जोडून "बरं, बरं" म्हणाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन कप. शेवटी मी दोन्ही पिऊ लागले.

दवाखान्यात वाघमारे भेटले. आरोग्य सहायक, वय चाळिशीचं, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, बोलणं मोजकं. जिल्ह्याची मोठी वही त्यांच्या ताब्यात. तालुक्यांच्या दवाखान्यांतून महिन्याला कागद येत आणि हे त्यावरून नावं मोठ्या वहीत उतरवून घेत. ती वही त्यांनी तांबड्या फडक्यातून पोथीसारखी सोडली. अक्षर मोत्यासारखं, आणि सगळ्या वहीत एकसुद्धा खाडाखोड नाही. मी पान उलटताना बोट ओलं केलं, तर ते कळवळून म्हणाले, "मॅडम, थुंकी नको. क्षयाची वही हाय."

मी ओशाळले. पुण्यात आम्ही याच विषयावर भिंतीला लावायचे तक्ते छापत होतो.

साहेबांचा निरोप मी सांगितला. एक जरी बेपत्ता राहिला तर वही बाद. वाघमारे खिडकीबाहेर बघत राहिले. समोरच्या भिंतीवर विद्यापीठाच्या नामांतराची घोषणा रंगवलेली होती आणि कुणीतरी तिच्यावर डांबर फासलेलं होतं.

"नऊ वर्षं हायेत माजी ह्या वहीत," ते म्हणाले. "आमच्याकडून आजवर पुण्याला गेली ती फक्त तक्रार. पयल्यांदा काहीतरी हिशेबात धरण्याजोगं गेलं, असं वाटलं हुतं. ह्या लोकांनी मूठमूठ गोळ्या गिळल्या, ते मंग कुठं धरायचं?"

मी यादी काढली.

पहिले पाच परभणी तालुक्यातले, दोन दिवसांत हाती लागले. दोघे तर बेपत्ता नव्हतेच, फक्त शेजारच्या गल्लीत राहायला गेले होते. एक जण एसटीत कंडक्टर झाला होता आणि त्यानं आम्हालाच तिकीट दिलं. वाघमाऱ्यांनी तिकीट घेता घेता त्याचं नाव विचारलं आणि पुढचे दोन थांबे तो "औषध घेतो, सायेब, आईच्यान घेतो," असं घोकत राहिला. एक बाई लेकीकडे राहत होती. पाचवा माणूस गेलेला होता. त्याच्या बायकोनं मुकाट्यानं अंगठा दिला आणि आम्हाला चहा केला.

पेडगाव

बेपत्तांच्या बरोबरीनं बरं झालेल्यांपैकी एक नाव नमुन्याला तपासायचं होतं. मी डोळे मिटून बोट ठेवलं ते पेडगावच्या द्वारका किसन या नावावर. चिठ्ठी 'भेट', शेरा 'औषध पूर्ण'. वाघमारे खूश झाले. या घरी ते स्वतः जाऊन आले होते.

द्वारका पंचविशीची, अंगानं शेलाटी, डोळे बोलके. आम्ही ओट्यावर टेकतो न टेकतो तोच धपाटे आणि दही समोर आलं. पुण्यात आम्ही पाहुण्याला "काही घेणार का?" असं विचारतो आणि तो नाही म्हणाला की सुटतो. इथे विचारतच नाहीत, त्यामुळे नाही म्हणायला जागाच नाही. सोबत ठेचा होता. पहिल्या घासाला माझ्या कानांतून वाफ निघाली आणि डोळ्यांतून पाणी.

"बाईला बापाघरची आठवण आली जणू," द्वारकाचे वडील किसनबा म्हणाले.

"ठेच्याची आठवण हाय ती, बा," द्वारका म्हणाली आणि खुसखुसत मला गूळ दिला.

गोळ्या कधी चुकल्या का, असं मी विचारलं. एकदाच. खळं चाललं होतं, जाणं झालं नाही. तर तिसऱ्या दिवशी हे वाघमारे दादा दारात उभे. "मला वाटलं, पोलिसच आले." त्यानंतर एकही दिवस चुकला नाही. आता थुंकी साफ, वजन वाढलं. किसनबांनी फॉर्मवर अंगठा उठवला. सगळं इतकं नेटकं झालं की मला संशय यायला हवा होता.

निघताना द्वारका मला पडवीच्या कोपऱ्यात घेऊन गेली.

"बाई, एक इचारू? तुमच्या वहीतलं नाव सासरी कळतंय का?"

"कामून?" मी विचारलं. 'का'ला इथे 'कामून' म्हणतात, दोन दिवसांत मलाही तो शब्द चिकटला होता.

तिनं पदर तोंडाशी धरला. सासरी कुणालाच ठाऊक नव्हतं. बा आजारी आहे, त्याचं करायला कुणी नाही, असं सांगून ती आठ महिने इथे राहिली होती. "आमच्या गावात एक जण खोकायला लागली, तर तिला माहेरला घालवली आन् सा महिन्यांत दुसरी आनली. आता मी बरी झाले, उद्या सासरी जायलेय. आज ना उद्या कुनी बोललं तर माजं घर गेलंच म्हना."

आपण मोठ्या अधिकाराच्या बाई असल्यासारखं मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "वहीतलं नाव वहीतच राहतं. माझा शब्द आहे."

कोणत्या गावी सासर, हे मी विचारलंही नाही. माझ्या फॉर्मवर तो रकानाच नव्हता.

सोनपेठ

सहावा बेपत्ता, हरिबा, दोर-कासरे विकणारा. त्याला शोधायचं म्हणजे बाजाराच्या दिवशी सोनपेठला जायचं, असं वाघमारे म्हणाले. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची पद्धत इथे जोरात आहे. मी रुमाल टाकला. आत जाऊन बघते तर माझ्या रुमालावर एका आजीचं गाठोडं, गाठोड्यावर कोंबडी, आणि कोंबडी माझ्याकडे अशी बघत होती की मीच आगंतुक. मी उभी राहिले.

हरिबा शोधावा लागलाच नाही. बाजारात शिरताच त्याचा आवाज आला. "कासरा घ्या, बैल मरंल पर कासरा तुटायचा न्हाई!" या छातीला क्षय झाला होता यावर माझा विश्वास बसेना.

"अहो, तुम्ही बेपत्ता आहात!" मी म्हटलं.

"मी? मला आख्खं सोनपेठ वळखतंय!"

तुम्हाला महिन्याला पत्र जातंय, मग दवाखान्यात का येत नाही, असं वाघमाऱ्यांनी विचारलं. तर म्हणे पत्र नाही, माझ्याकडे माणूस यायला पाहिजे. चिठ्ठी 'पत्र'च निघाली होती, पण याला वाचता येत नाही. शेजाऱ्याला 'भेट' निघालेली, त्याला दारात सरकारी माणूस नको होता. दोघांनी दवाखान्याच्या पायरीवरच चिठ्ठ्यांची अदलाबदल केली होती आणि तेव्हापासून हा घरात बसून माणसाची वाट बघत होता.

माझा पारा चढला. चार महिने खपून मी तो क्रम लावला होता. "चिठ्ठी कधी बदलतात का?"

"कामून न्हाई?" हरिबाला माझंच नवल वाटलं. "किडकं वांगं निघालं तर बदलून देतेत. मंग चिठ्ठीनं काय घोडं मारलं?"

भोवती दहा-बारा जण जमले आणि सगळे हरिबाच्या बाजूचे. एका भाजीवाल्या बाईनं तर मला समजावलं, "ताई, दोघंबी राजी हुते ना? मंग तुमच्या कामून पोटात दुखायलंय?" पुण्यातल्या परिसंवादात मी याच मुद्द्यावर दीड तास बोलले आहे आणि टाळ्या घेतल्या आहेत. त्या बाजारात मला दीड मिनिट कुणी बोलू दिलं नाही.

शेवटी एका पोत्यावर बसून मी वाघमाऱ्यांना साहेबांचा नियम सांगितला. "ज्याच्या नावावर जी पहिली चिठ्ठी निघाली ती त्याची. पुढं त्यानं ती बदलो, फाडो नाहीतर गिळो. हिशेबात पहिली चिठ्ठी हीच शेवटची. नाहीतर जो तो आपल्या सोयीची चिठ्ठी घेणार आणि आपली सगळी सोडत वाया जाणार."

"म्हंजे हरिबा पत्रवालाच?"

"मरेपर्यंत पत्रवाला."

हरिबाच्या बायकोनं अंगठा दिला. आणि वाघमाऱ्यांनी, नियम बाजूला ठेवून, पुढच्या बाजाराला गोळ्या स्वतः घेऊन येतो असं त्याला कबूल केलं. मी ते ऐकलं नाही असं दाखवलं.

राणीसावरगाव

उरली सातवी. सुमन मारोती, राणीसावरगाव. तालुक्याच्या दवाखान्यात नाव चढलं, चिठ्ठी 'पत्र', महिनाभर गोळ्या नेल्या आणि गडप. तेव्हापासून दर महिन्याला आमचं पोस्टकार्ड जात होतं. ते मी स्वतः लिहिलेलं आणि छापून घेतलेलं. 'आपण क्षयरोगाचे औषध नेण्यास आला नाहीत, तरी त्वरित यावे.' स्वच्छ, थोडक्यात. मला त्याचा अभिमान होता.

घर सापडलं. दारात एक म्हातारी पाय पसरून शेंगा फोडत बसलेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आवाज फौजदाराचा. ही गोदाबाई, सुमनची सासू. आणि तिच्या डोक्याच्या बरोबर वर, चौकटीच्या तारेला टोचलेली, माझी आठ पोस्टकार्डं. वाऱ्यावर हलत होती. येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाही वाचता येतील अशी.

आठ महिने मी त्या घरच्या सुनेचा रोग उघड्या कार्डावर लिहून धाडत होते आणि त्याला थोडक्यात मजकूर म्हणत होते. पेडगावच्या द्वारकाचं तोंड डोळ्यांपुढं आलं. तिच्यासारखीच एखादी इथून केव्हाच हाकलली गेली असणार, म्हणूनच बेपत्ता.

"कोन पायजे?" गोदाबाईनं विचारलं. मी चाचरत कार्डांकडे बोट केलं.

"अगं माय! तुमीच का त्या पत्रावाल्या? या, बसा, बसा!" म्हातारी टुणकन उठली. "एक डाव बी चुकले न्हाई बरं का मी! पत्र आलं की दुसऱ्या दिशी शेरडं घेऊन गुरांच्या दवाखान्यात हजर!"

मी वाघमाऱ्यांकडे पाहिलं. वाघमाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"शेरडं?" मी म्हटलं.

"मंग? आमचा पोस्टमन, गफूरभाई, वाचून दावतोय ना! 'शेळ्यांना औषधाला घेऊन या, लगेच या.' त्यो डॉक्टर तर कावलाय. म्हनतोय, आजी, तुमची शेरडं माज्यापरीस धडधाकट हायेत, कशाला आनता? मी म्हनलं, सरकार एवढं पत्र धाडायलंय अन् मी घरी बसू?"

माझ्या प्रयोगात औषधाची तारीख इतकी काटेकोर पाळणारं आजवर कुणी निघालं नव्हतं, आणि निघाल्या त्या चार शेळ्या.

"आल्याच हाव तर बगून घ्या," म्हातारीनं हुकूम सोडला.

"मॅडम दात बघून सांगतेत," वाघमारे म्हणाले. चेहरा असा की माशी हलणार नाही. मी त्यांना खाऊ की गिळू असं बघितलं. पण म्हातारीनं एक काळी शेळी माझ्या पुढ्यात आणून तिचा जबडा उघडलासुद्धा. मी जन्मात शेळीला हात लावलेला नव्हता. मी दात मोजले, कारण मला मोजण्याखेरीज दुसरं काही येत नाही. वरच्या बाजूला पुढचे दात सापडेनात. मी घाबरून म्हटलं, "हिचे वरचे दात पडलेत!"

"शेळीला वरचे दात नसतेतच, बाई," गोदाबाई म्हणाली. पहिल्यांदाच तिच्या नजरेत संशय आला.

एवढ्यात डोक्यावर हंडा घेऊन सून दारात आली.

"सुमन, पावण्यांना च्या टाक," म्हातारी म्हणाली.

हंड्याखाली द्वारका होती. पेडगावची, धपाट्यांची, गूळ देणारी. "द्वा..." एवढं माझ्या तोंडातून निघालंच होतं, तोच वाघमाऱ्यांना जोराची ढास लागली. क्षयाच्या दवाखान्यात नऊ वर्षं काढलेल्या माणसाला तशी ढास काढणं अवघड नसणार. द्वारकानं, म्हणजे सुमननं, आमच्याकडे पाहिलं. हंडा हिंदकळला, पाणी खांद्यावरून ओघळलं, पण ती पापणी हलवेना. इतकी घाबरलेली नजर मी कधी पाहिली नव्हती.

"वळखता का हिला?" म्हातारीनं विचारलं.

"छे हो," मी म्हटलं. "आमचा संबंध शेळ्यांशी."

चहा झाला. मग गोदाबाईच आठवण करून म्हणाली, "सरकारी माणूस आला की अंगठा घेतोय. द्या की कागद. फकस्त दम धरा, मारोती आता शेतातून यायलाय. त्यो सातवी शिकलाय, त्याला वाचू द्या, मंग अंगठा देते. बिनवाचलेल्या कागदाला मी बोट लावत न्हाई."

माझा हात पिशवीत गेलेला होता. बोटांना फॉर्म लागला. वर मोठ्या अक्षरांत छापलेलं 'क्षयरोग'. हा एक अंगठा मिळाला की परभणीची वही वाचत होती. वाघमाऱ्यांना ते माझ्याइतकंच माहीत होतं. सुमन चुलीपाशी पाठ करून बसली होती आणि तिची पाठसुद्धा ऐकत होती.

वाघमारे उठले. त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि तिचा बंद ओढला.

"आजी, शेळ्या ठणठणीत हायेत," ते म्हणाले. "कागदाची गरज न्हाई. आता पत्र बी यायचं न्हाई."

"यायचं न्हाई?" म्हातारी हिरमुसली. सरकारनं तिला सोडून दिल्यासारखं वाटलं तिला.

एसटीच्या थांब्यावर लिंबाखाली सायकल टेकवून गफूरभाई उभेच होते. पुण्याची बाई आल्याचं त्यांना कळलं होतं. आम्ही विचारायच्या आत म्हणाले, "पयलं कार्ड वाचायला तोंड उघडलं अन् शब्द दिसला. म्हातारी समोर, चार बाया शेजारी. आता वाचू तर लेकराचं घर बुडतंय, न वाचू तर म्हातारी सोडत न्हाई. समोर शेरडं बांधलेली हुती, मंग तीच वाचली. मागून आडावर पोरीला सांगितलं, बेटा, खत तुजं हाय, माहेरला जाय अन् दवा घे." मग माझ्याकडे वळून ते जरा कडक आवाजात म्हणाले, "असलं उघड्या कार्डावर लिवत असतेत का, बाईसाब?"

मी मान खाली घातली. मला शरम वाटली, आणि ती अजून वाटते.

गफूरभाई सायकलवर टांग टाकून गेले. मग वाघमारे म्हणाले, "बेपत्ता लिवा तिला."

"अहो, वही जाईल तुमची."

"जाऊ द्या. तिचं घर ऱ्हायलं पायजे." मग आपल्याशीच बोलल्यासारखं ते म्हणाले, "गंमत बगा मॅडम. आमी एका विद्यापीठाचं नाव बदला म्हनलं, तर वस्त्या पेटल्या. आमचं बी घर त्याच्यात गेलं. आन् बाईचं नाव बदलायला ताटभर तांदूळ पुरतेत. नवरा अंगठीनं लिवतोय, पावणे जेवतेत, झालं."

ताटभर तांदूळ. माझ्या लग्नातही ते ताट होतं. चांदीचं होतं आणि सासूबाईंनी नाव आधीच ठरवलेलं होतं, अनुराधा. पदवीवर यमुना, रेशनकार्डावर अनुराधा, आणि दोन्ही मीच हे पटवायला मी आजवर किती खिडक्यांपुढे भांडले आहे! आणि तीच मी, देशी-विदेशी कोष्टकं धुंडाळून रोग्यांच्या नोंदीचा फॉर्म केला, तर त्यात माहेरच्या नावाला रकाना नाही. लॉजवाल्यानं एका बाईच्या दोन केल्या म्हणून मी त्याला फैलावर घेतलं होतं. मी तेच केलं होतं, अख्ख्या जिल्ह्याचं.

मी ताडकन उठले. "वाघमारे, दोन कप!"

"इथं च्या मिळत न्हाई, मॅडम."

"अहो, दोन कप, बाई एक! सुमन आणि द्वारका एकच ना? मग घरच्या माणसाचा अंगठा आहे की आपल्याकडे! किसनबांचा! बाप घरचा नाही का?"

वाघमाऱ्यांनी पिशवी उघडली, पेडगावचा फॉर्म काढला, अंगठ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं. एसटी आली नसती तर पडलेही असते.

दवाखान्यात परत आल्यावर त्यांनी वहीत दोन्ही नावांसमोर पेन्सिलीनं बारीक बाण काढले, एका पानावरून दुसऱ्या पानाकडे. नऊ वर्षांतली ती पहिली खाडाखोड. त्यांना ते जड गेलं, हे दिसत होतं.

पुणे

साहेबांना मी नावगाव न सांगता, फक्त वहीतले दोन क्रमांक सांगून सगळं ऐकवलं. ते म्हणाले, "एका बाईच्या दोन चिठ्ठ्या. धरायची कोणती?"

"पहिली. पत्र."

"पण ती भेटीच्या गटात बरी झाली."

"माहेरी गेली ती पत्रामुळे."

"पत्र तर शेळ्यांना वाचून दाखवलं!"

"पहिली चिठ्ठी शेवटची," मी म्हटलं. नियम त्यांचाच होता, त्यामुळे त्यांना गप्प बसावं लागलं. परभणीची वही राहिली. पोस्टकार्डं बंद झाली, पाकिटं सुरू झाली, आणि फॉर्मवर नवा रकाना आला, 'माहेरचे नाव'. साहेबांनी विचारलं, ही कल्पना कोणत्या ग्रंथातली? मी म्हटलं, लॉजच्या.

याला वर्ष झालं असेल. परवा आमच्या पोस्टमननं जिन्यातूनच हाक मारली, "बाई, शेळी व्याली तुमची!" उघडं कार्ड, त्यानं वाचलेलं. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी वाचलेलं. आमच्या ह्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. पत्ता वाघमाऱ्यांकडून मिळवलेला असणार, वळणदार अक्षर गफूरभाईंचं, मजकूर सांगणारी दुसरी. सासूच्या देखत सांगितला असणार, हे उघड होतं.

'पुण्याच्या शेळ्यांच्या बाईस नमस्कार. औषध लागू पडलं. आपली शेळी व्याली, करडू मादी हाय, दोगी बी खुशाल. गोदाबाई लय खूश हाय. शेळीचं म्हननं असं की, पोरीचं नाव एकच ठिवायचं, अन् ते कुठं बी गेली तरी बदलायचं न्हाई.'

"शेळीचं म्हणणं?" हे म्हणाले. "काय ग अनुराधा, हे काय प्रकरण आहे?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी कार्ड त्यांच्या हातातून घेतलं.

"यमुना म्हणा," मी म्हटलं. "मग सांगते."